लाल रंग, भिरंडां आणि कुळागरातली दालचिनी

भाच्याच्या वाढदिवसाला केक बेकरीतून येणारच होता, पण त्याची फर्माईश वेगळी होती. "आत्या, तू तिकडे करतेस ते रोल कर, पण लाल." म्हणजे रेड व्हेल्व्हेट सिनॅमन रोल. मैदा, यीस्ट, कोको, लोणी सगळं जमलं, राहिला तेवढा रंग. फोंड्याच्या बाजारात दुकानदारानं चिमुकली बाटली पुढं ठेवली. मी ती फिरवून मागचं वाचलं. परवानगी असलेला कृत्रिम खाद्यरंग, कार्मोइसिन. त्यापुढं काहीच नाही. मी बाटली परत दिली आणि तेव्हापासून घरात जी चर्चा सुरू झाली ती अजून संपलेली नाही. म्हणून सुट्टीत असूनही लिहायला बसलेय.

मी राहते त्या स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला हाच रंग घातलेलं पाकीट घेतलं तर त्यावर आणखी एक ओळ सापडते. या रंगाचा मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो, अशी. ती छापायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर नाही. २० जुलै २०१० पासून सगळ्या युरोपीय संघात सहा रंगांसाठी ती सक्तीची आहे. त्यामागं ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचं २००७ चं संशोधन आहे. तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रंग आणि सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणासाठीचं द्रव्य मिसळलेलं पेय देऊन त्यांचं वागणं पाहिलं होतं. पुढं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं ते तपासलं आणि पुरावा मर्यादित आहे असं सांगितलं. तरीही ओळ काढली नाही. मला ह्याचंच कौतुक वाटतं. शंका पक्की होईपर्यंत लोकांना अंधारात ठेवायचं नाही. रंगावर बंदी नाही, विकणाऱ्यानं खुशाल विकावं, घेणाऱ्या आईबापांना मात्र कळलं पाहिजे. आणि ती ओळ आपल्या मालावर नको म्हणून कित्येक कंपन्यांनी आपणहून रंग बदलले. एका ओळीनं केवढं काम केलं!

आपल्याकडं खाण्यात चालणारे कृत्रिम लाल रंग तीन. पॉन्सो ४आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन. पहिले दोन त्या सहांच्या यादीत आहेत. तिसरा युरोपात फक्त कॉकटेलमधल्या चेरींना चालतो, आणि अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये त्याची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली. उंदरांना कर्करोग झाल्याचं दिसलं होतं. माणसात तो तसा होत असल्याचा पुरावा नाही, हे त्यांनी सांगितलं, पण त्यांचा कायदा एवढ्यावरही परवानगी देत नाही. आपला कायदा झोपलेला आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक पदार्थांत किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आपल्याकडंही आहे. पण घरच्या ओट्यावर ती मोजायची कशी? कुठल्याही रेड व्हेल्व्हेटच्या कृतीत "दोन चमचे लाल रंग" असं बिनधास्त लिहिलेलं असतं, आणि त्या चमच्यात निव्वळ रंग किती हे बाटलीवर सापडत नाही.

वहिनीला हे पटलं नाही. "अगो, जत्रेतले रंगीत गोळे खाऊनच आपण मोठे झालो ना? तिकडं राहून तुला सगळ्यात विष दिसायला लागलंय." हे मला लागलं. दर सुट्टीत ह्या ना त्या रूपात हे ऐकावं लागतं, आणि प्रत्येक वेळी मी गप्प बसते. यावेळी नाही बसले. कारण हा प्रश्न मी सामानातून आणलेला नाही. म्हापसा नगरपालिकेनं २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर बंदी घातली ती रंग आणि अस्वच्छतेवरूनच. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहात हे गाडे आवरायला अन्न व औषध प्रशासनानं नगरपालिकेला सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकानं गोबी आणि कॉटन कँडीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, कारण नमुन्यांत ऱ्होडामीन-बी सापडलं, जे मुळात कापड रंगवायचं. म्हणजे गोव्यातल्या माणसांना हे माझ्याआधी कळलं होतं. मी फक्त बाटली उलटी करून पाहिली.

तर रंगाचं काय केलं ते सांगते. रेड व्हेल्व्हेटचा लाल हा सुरुवातीला बाटलीतला नव्हताच. नैसर्गिक कोकोत ताक आणि व्हिनेगरचा आंबटपणा मिसळला की एक तांबूस झाक येते, ती खरी. भडक लाल नंतर आला. टेक्सासमधल्या एका इसेन्स आणि रंग विकणाऱ्या कंपनीनं कृती छापून वाटली, त्यानं त्याला मोठा हात दिला. मला भडक नको होता, पण भाच्याला निदान लाल तर दिसायला हवा. बीट घेतलं. बिटाचा रंग आंबटात टिकतो आणि खाण्याच्या सोड्यानं मरतो. म्हणूनच सोडा घातलेल्या केकमध्ये बीट घालणाऱ्यांच्या पदरी तपकिरी केक पडतो. रोल यीस्टवर फुगतात, सोड्याची गरजच नाही. बिटाला ह्याहून चांगलं पीठ मिळणार नाही.

आंबटासाठी व्हिनेगर आणायला निघाले तर आई म्हणाली, "भिरंडां आहेत की." भिरंडां म्हणजे कोकमाची फळं. मे महिना. मागच्या अंगणात भिरंडांची रास पडलेली, अर्धी सोलं सुकायला घातलेली. पिकलेली भिरंडां कुस्करून रस गाळला, मीठ न घालता. आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, खारट असतं, ते इथं चालत नाही. पांढऱ्याफट्ट मैद्यात बिटाची पेस्ट पडली, तिच्यावर दोन चमचे हा रस पडला आणि किरमिजी झालेलं बीट एकदम उघडून लाल झालं. वहिनी बाजूला नारळ खवत होती. विळीवरचा हात थांबवून ती बघत राहिली. बोलली काही नाही, पण मला पुरेसं होतं.

आता दालचिनी. ह्या बाबतीत मात्र स्वीडिश लोकांचं मी काही ऐकून घ्यायची नाही. ४ ऑक्टोबरला ते दालचिनीच्या बन्सचा दिवस साजरा करतात, १९९९ पासून. आमच्या गॉथेनबर्गच्या हागा भागात ताटाएवढे बन मिळतात. पिठात वेलची घालतात, छान घालतात, त्यांचं मन लावून केलेलं काम आहे ते. पण त्या बर्फात ना वेलची उगवते ना दालचिनी. आमच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, सुपारी आणि मिरवेलींच्या सावलीत दालचिनीचं झाड उभं आहे. त्याची कोवळी पालवी तांबडी असते आणि पावसात नव्या फांद्यांची साल सुटी होते तेव्हा आई ती काढून सावलीत सुकवते. हातात घेतली तर कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेले पदर, बोटांनीच चुरडते. बाजारात मिळणारी जाड, कडक, एकाच पदराची वळकटी ती बहुतेक वेळा कॅसिया, दालचिनीची दुसरी जात.

फरक नुसता वासाचा नाही. कॅसियात कुमारिन नावाचं नैसर्गिक द्रव्य बरंच असतं, खऱ्या दालचिनीत नावापुरतं. जास्त कुमारिन पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपीय संघानं २००८ च्या नियमात त्याचीही मर्यादा घातली, पारंपरिक आणि सणावारी बेकरी पदार्थांना किलोला ५० मिलिग्रॅम, बाकीच्यांना १५. डेन्मार्कच्या बेकऱ्यांना २०१३ मध्ये सांगण्यात आलं की तुमचे दालचिनीचे रोल रोजचे आहेत, पारंपरिक नाहीत, तेव्हा १५. केवढा गदारोळ झाला! शेवटी ते पारंपरिक ठरले. शरीराच्या किलोमागं दिवसाला ०.१ मिलिग्रॅम ही सुरक्षित पातळी मानतात, म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन मिलिग्रॅम. रोज खाणाऱ्याला विचार करायला लावणारा आकडा आहे. तिथं खरी दालचिनी मुद्दाम शोधून, दाम मोजून आणावी लागते. इथं आईच्या बरणीत ती कायमच आहे, कुठल्याही नियमावाचून.

आणि तरीही तिथल्या माझ्या घरच्या रोलना लेकीच्या शाळेत जागा नाही. घरी केलेलं काही आणू नका, बंद पाकिटातलं आणा, ज्यावर सगळे घटक छापलेले असतील. ॲलर्जीसाठी आहे हा नियम, मला समजतो. एखाद्या मुलाचा जीव जाऊ शकतो, हेही समजतं. पण पहाटे उठून केलेले रोल डब्यातून परत घरी आले तेव्हा लेक जे विचारत होती त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी घटकांची यादी हातानं लिहून डब्याला चिकटवली होती, अगदी वेलचीसकट. चालली नाही. इथं आमच्या गावी, सावईला, त्याच लेकीनं रोलचं ताट घेऊन शेजारची घरं पालथी घातली. कुणी विचारलं नाही यात काय आहे. विचारलं ते इतकंच, "आईनं केलं की आजीनं?" ज्या घरात दाणे चालत नाहीत ते मला ठाऊक होतं, कारण त्या घरच्या काकीनं ते लहानपणापासून सांगून ठेवलंय. गावात माणसं एकमेकांची लेबलं पाठ करतात. तिकडची चौकट मला मान्य आहे, पण हे तिकडं नाही, आणि त्याची उणीव मला रोज भासते.

पिठाचं एक सांगायला हवं. गॉथेनबर्गला हिवाळ्यात हेच पीठ दुप्पट व्हायला दीड-दोन तास घेतं, मी ते कोमट ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवते. सावईला मे महिन्यात पाऊण तासात ते भांड्याच्या बाहेर डोकावायला लागलं. इथं घड्याळ बघायचं नाही, पीठ बघायचं. बोट टेकवलं आणि खळगा हळूहळू भरून आला की झालं. दुसऱ्यांदा फुगवताना तर नजर हलवू नये, नाहीतर लोणी वितळून सारण बाहेर येतं. उकाडा फारच असेल तर लाटलेली पोळी पाच-दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग गुंडाळावी.

वहिनीनं काल प्रमाण मागितलं. चतुर्थीला मुंबईहून मुलं येतील, त्यांना करायचंय म्हणाली. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी इथंच लिहिते, बारा रोलांचं. अंडं नाही, कारण आमच्याकडं सोमवारी चालत नाही आणि वाढदिवस नेमका सोमवारी होता.

अर्धा किलो मैदा, १५ ग्रॅम नैसर्गिक कोको (डच प्रक्रियेचा नको, त्यातला आंबटपणा काढलेला असतो), ७० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, सपाट चमचा मीठ. दीडशे ग्रॅम उकडलेल्या बिटाची गुळगुळीत पेस्ट, १७० मिलिलिटर घट्टसर ताक कोमट करून, दोन मोठे चमचे भिरंडांचा रस. मळताना शेवटी ७५ ग्रॅम मऊ लोणी. दहा-बारा मिनिटं चांगलं मळायचं, हाताला चिकटलं तरी मैदा वाढवत बसायचं नाही. फुगल्यावर आयताकृती लाटून ८० ग्रॅम लोणी फासायचं, वर १२० ग्रॅम माडाचा गूळ किसून आणि दोन मोठे चमचे ताजी कुटलेली दालचिनी. ह्या गुळाची धुरकट चव तिकडच्या ब्राउन शुगरला कधी यायची नाही. गुंडाळी सुरीनं कापली तर चेपते. शिवणाचा दोरा खालून सरकवायचा, दोन्ही टोकं वर आणून आडवी ओढायची, गोल तसाच राहतो. पुन्हा फुगल्यावर १८० अंशांवर वीस-बावीस मिनिटं. वरून करपट दिसायला लागले तर फॉइल झाका, नाहीतर रंग तिथंच उडतो. आत मात्र जांभळट लाल राहतो, दोऱ्यानं कापलेल्या कडेला स्पष्ट दिसतो.

वरचं क्रीम चीज इथं महाग पडतं. चक्का बांधला, त्यात मऊ लोणी आणि पिठीसाखर घोटली, जराशी वेलची. रोल कोमट असतानाच लावायचं, गरम असताना लावलं तर पाणी सुटून खाली जातं. उरले तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संपवा. मे महिन्यात आमच्या गावी बाहेर ठेवलेला चक्का त्याहून जास्त टिकत नाही, आणि फ्रीजमध्ये पाव घट्ट होतो.