सेल्फ फिरतो, पण काटा हलत नाही

बोनेटवर चिन्ह कुणाचंही असू दे, खाली १४६१ सीसीचं के-नाइन-के डिझेल इंजिन दिसलं की आमच्या बेळगावच्या उद्यमबागेच्या पट्ट्यातले बरेच फिटर हात आखडता घेतात. "फ्रेंच गाडी हाय, कटकट हाय" एवढं म्हटलं की काम टळतं. हे बोलणं मला कधीच पटलं नाही, आणि गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली तेव्हापासून ते जास्तच लागतं.

ही इंजिनं आपल्याकडे नवीन नाहीत. मारुतीच्या एस्टीम आणि झेनच्या डिझेल गाड्यांत १५२७ सीसीचं इंजिन होतं ते प्यूजोचं. आमच्याकडची माणसं त्याला मारुतीचंच समजून वर्षानुवर्षं चालवत होती. के-नाइन-के रेनोचं. २००७ साली ते लोगानमधून आलं, पुढे तीच गाडी महिंद्राची व्हेरिटो झाली. २०१२ ला डस्टरमधून आलं, निस्सानच्या सनी आणि टेरानोतही तेच. खानापूर, चंदगड, निपाणी भागात यातल्या गाड्या अजून पुष्कळ फिरतात आणि मायलेजला मालक खूश असतात. नीट तेल बदललं, टायमिंग बेल्ट वेळेवर टाकला, डिझेल स्वच्छ ठेवलं, तर हे इंजिन दगा देत नाही. या तीन गोष्टी न करता त्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी वाद घालतो, आणि घालत राहीन.

तर ही गाडी जांबोटीकडची. मालकाची थोडी शेती, थोडी काजूची बाग. आईचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा बेळगावला आणायला लागायचं. गाडी त्यासाठीच ठेवलेली.

"मेस्त्री, कंटाळलो बघा ह्या गाडीला. सकाळी घरातनं निघताना झटक्यात चालू होत्या. हॉस्पिटलच्या दारात आईला उतरवायला बंद केली की संपलं. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. मागं गाड्यांची रांग, वॉचमन कानडीत ओरडतो, आई व्हीलचेअरवर भिजत्या. विकून सोडतो आता."

"मग पुन्हा चालू कधी होते?"

"अर्धा तास गेला की आपोआप. टोचन करून गॅरेजला न्यावी तर तिथं पहिल्याच सेल्फला चालू. त्यांना वाटतं मी खोटं बोलतो."

मी गाडीकडे वळायच्या आधीच निम्मं काम इथं झालं होतं. चालू गाडीत दोष नाही, थंड गाडीत दोष नाही. तापलेली गाडी बंद केली आणि लगेच पुन्हा चालू करायला गेलं, एवढ्याच वेळेला दोष. इंजिन बंद झालं की हवा थांबते, बोनेटखालची उष्णता बाहेर जायची वाट बंद होते, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं काही भाग चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात. हे मालकाच्या तोंडात होतं. त्याच्या आधीच्या तीन गॅरेजांत कुणी ते विचारून घेतलं नव्हतं.

पहिल्या गॅरेजने डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्याने बॅटरी बदलली आणि किल्लीतल्या चिपवर संशय घेऊन सोडून दिलं. तिसऱ्याने स्कॅनर लावला, रेल प्रेशरचा, म्हणजे नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीतल्या दाबाचा, दोष-कोड दिसला, आणि इंजिनात डिझेल फवारणारे चारी नोझल बदलून टाकले. नवे नाहीत, दुरुस्त केलेले, जुने बदलीत देऊन घेतलेले. तरी गाडी दारात बंद पडलीच, तेव्हा म्हणाला, "आता पंप जातोय, पंप घाला." पंपाच्या किमतीला घाबरून मालक माझ्याकडे आला होता.

रेलमध्ये दाबाने डिझेल ढकलणाऱ्या या पंपाची भीती उगीच नसते, हे सांगायला हवं. या इंजिनाच्या ज्या आवृत्तीत डेल्फी कंपनीची डिझेल यंत्रणा आहे, तिथे पंप कोरडा चालला किंवा डिझेलमध्ये पाणी आलं तर पंपाच्या आतला धातू झिजतो. त्याचा बारीक चुरा रेलमधून थेट नोझलमध्ये जातो. तसं झालं असेल तर एकटा पंप बदलून भागत नाही, अख्खी लाइन धुवावी लागते. आमच्याकडे शेतावर कॅनमध्ये डिझेल साठवायची सवय आहे, पावसाळ्यात त्यात पाणी उतरतं, म्हणून हा धोका मी कधीच हलका घेत नाही. पण चुरा आहे की नाही हे बघता येतं. फिल्टर सोडला, त्यातलं डिझेल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं, तळाशी लोहचुंबक फिरवला, उन्हात धरून बघितलं. चमक नाही, पाणी नाही. ट्रे मालकाच्या हातात दिला, म्हणालो, तुम्हीच बघा.

मग गाडी तापवायची. दोष दिसल्याशिवाय पाना लावायचा नाही, हे मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. एसी पूर्ण लावून पिरनवाडी, मच्छे, देसूरपर्यंत गेलो, परत आलो, बोनेट न उघडता बंद केली, थांबलो, सेल्फ मारला. चालू झाली. पुन्हा गेलो, पुन्हा चालू. बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि चाकांखालून उडणारं पाणी इंजिन थंड ठेवत होतं. मालकाचा चेहरा बघवत नव्हता, त्याला वाटलं चौथ्या गॅरेजातही तेच ऐकायला लागणार. मी गाडी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाने उघडीप दिली. खानापूर रस्त्यावर लांबवर नेली, येताना गर्दीत रांगत आणली, आणि गॅरेजच्या दारात बंद केली. दहा मिनिटांनी सेल्फ मारला. फिरतोय, फिरतोय, पकडत नाही. मला जो आनंद झाला तो फक्त फिटरलाच कळेल.

आता बघायचं काय? सगळ्यात आधी डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा. सेल्फ फिरताना तो जागेवरून किंचित उचलायला हवा. इथं मेल्यासारखा पडून. किल्लीचा लाल दिवा वेगाने लुकलुकत नव्हता, म्हणजे किल्ली ओळखली जात होती. स्कॅनरवर चालू आकडे लावले. सेल्फ फिरताना रेल प्रेशर व्यवस्थित चढत होतं. म्हणजे पंप जिवंत. आणि त्याच वेळी इंजिनाचा वेग शून्य.

इंजिन डोळ्यांदेखत फिरतंय आणि गाडीच्या कॉम्प्युटरला ते थांबलेलं दिसतंय. इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, त्याच्या कडेला दात असतात, एका जागी मुद्दाम दात सोडलेले असतात. गिअरबॉक्सच्या घंटेवर, म्हणजे फ्लायव्हील झाकणाऱ्या कव्हरवर, बसवलेला क्रँक सेन्सर ते दात मोजतो, आणि सुटलेली जागा आली की पिस्टन कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळतं. तो सिग्नल नसेल तर रेलमध्ये कितीही प्रेशर असू दे, नोझल उघडायचा हुकूम निघत नाही. मग चारच काय, चाळीस नोझल बदलले तरी डिझेल आत पडणार नाही.

तेवढ्यावर सेन्सर बदलून मोकळा झालो असतो तर माझ्यात आणि त्या तिघांत फरक राहिला नसता. हवेची नळी बाजूला केली, फडकं गार पाण्यात भिजवून सेन्सरवर ठेवलं, थोडं थांबलो, सेल्फ मारला. काटा उचलला, इंजिन पकडलं. बंद केलं, हीट गनने सेन्सर तापवला. काटा पडला. पुन्हा गार, पुन्हा चालू. मग सेन्सरच्या प्लगपासून कॉम्प्युटरच्या प्लगपर्यंत दोन्ही तारा मीटरने तपासल्या, वायरिंग हलवून, वाकवून. तारा चांगल्या. सेन्सरच गेलेला. हा दोष वाढला की चालत्या गाडीतही इंजिन बंद होतं, आणि ही माणसं याच गाडीतून चोर्ला घाटानं गोव्याला जातात.

पार्ट बेळगावात मिळाला नाही, कोल्हापूरहून बसने मागवला. सीमेवर काही पेटलं की दोन्हीकडच्या बस थांबतात आणि आमचे पार्टही. या वेळी सुदैवाने शांतता होती. दहा नंबरच्या पान्याचे दोन बोल्ट, एक प्लग, काम संपलं. पुन्हा तापवून तापवून बघितली. दर वेळी पहिल्या सेल्फला चालू.

पण सकाळी थंड इंजिन ठोकत होतं, आणि ते मला सोडवेना. डेल्फीच्या नोझलवर १६ अक्षरांचा कोड कोरलेला असतो. प्रत्येक नोझल किती डिझेल सोडतो यात बारीक फरक असतो, आणि तो फरक त्या कोडमधून कॉम्प्युटरला सांगायचा असतो. चारी नोझलवरची अक्षरं आरसा धरून लिहून घेतली आणि कॉम्प्युटरमधली वाचली. एकही जुळेना. नोझल बदललेले, हिशेब जुन्यांचा. कोड भरले, ठोका गेला. मालक म्हणाला, "आवाज असाच असतोय म्हणून सांगितलं होतं की मला."

मालकाला मी सगळं खरं सांगितलं. आधीच्या फिटरवर पांघरूण घालायची आमच्या धंद्यात रीत आहे, मला ती मान्य नाही. तो तसाच उठून तिसऱ्या गॅरेजवाल्याकडे गेला, आणि संध्याकाळी तो फिटर माझ्या दारात. पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला, हात चांगला आहे. मी जुना सेन्सर काढून ठेवला होता. स्कॅनरवरचे आकडे आणि कोडचा कागद दाखवला. त्याने सगळं बघितलं. मग म्हणाला, "काका, तुमच्याकडं गिऱ्हाईक गाडी ठेवून जातंय. माझ्याकडं ठेवत न्हाई. दोन दिवस ठेवा म्हटलं की दुसऱ्याकडं नेतंय. कोड दाखवला, पार्ट सांगितला, की पैसे देतंय. दोष शोधायचे पैसे कोण देतंय मला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच आहे ते. पार्ट बदलला की माणसं हजारो रुपये मोजतात, आणि दिवसभर शोधून लहानसा पार्ट टाकला की "एवढंसंच काम?" म्हणतात. पण म्हणून अंदाजाने चार नोझल उपटायचे, हेही मी गिळू शकत नाही.

आता दोघांनी मला मध्ये बसवलंय. मालकाला नोझलचे सगळे पैसे परत हवेत. पोरगा मजुरी सोडायला तयार आहे, नोझलची किंमत नाही. "जुने खराबच होते, काका," म्हणतो. आणि मी अडकलोय ते इथेच. नोझल खराब आहेत की नाही हे बघायला त्यांच्या परतीच्या नळ्यांना चार बाटल्या लावतात, इंजिन थोडा वेळ चालवतात, आणि कुठली बाटली जास्त भरते ते बघतात; जिची जास्त भरली तो नोझल खराब. ते त्याने केलं नाही. स्कॅनरवरचा तो रेल प्रेशरचा कोड कधीचा, तेही कळायला मार्ग नाही. पहिल्या गॅरेजने फिल्टर बदलताना लाइनला हवा धरली असेल, तेव्हापासून तो पडून असेल, कारण कुणी तो पुसून पुन्हा येतो का हे बघितलं नाही. दारात गाडी बंद पडायचं कारण नोझल नव्हते, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पण ते नोझल चांगले होते असं मी सांगू शकत नाही. ते बदलीत गेले, एव्हाना खोलून दुसऱ्या कुठल्या गाडीत बसलेही असतील.

मी पोराला सांगितलंय, मजुरी तर सोडच, आणि नोझलच्या पैशातला भाग तुलाही सोसायला लागेल, कारण बाटल्या तू लावल्या नाहीस. किती भाग, ते अजून ठरत नाही. रविवारी दोघं गॅरेजवर येणार आहेत.