तुम्ही विचारलंत म्हणून: बिल विदर्सने गाणं का सोडलं?

कुणालाही या अमेरिकन गायकाची, बिल विदर्सची गाणी ऐकवली की हमखास विचारतात, एवढा भारी गायक, मग 1985 नंतर एकही अल्बम कसा नाही, काय बिनसलं? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा नीट लिहिते.

मला तर उत्तर त्याच्या पहिल्याच अल्बमच्या कव्हरवर दिसतं. 1971 चा 'जस्ट ॲज आय ॲम', त्याच्या हातात जेवणाचा डबा आहे, कारण फोटो कारखान्यातच काढलाय, जेवणाच्या सुट्टीत. तिथे तो विमानातली टॉयलेटं बनवायचा! वय 32, आधी 9 वर्षं नेव्हीत गेलेली, बोलताना अडखळायचा, आणि रेकॉर्ड निघाली तरी नोकरी सोडेना, गाण्याच्या धंद्याचा काय भरवसा म्हणून.

लोक त्याला सोल सिंगर म्हणतात, सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावनेनं ओथंबलेलं गाणं, पण ऐका ना, हातात लोकगीतं गाणाऱ्या फोकवाल्यांसारखी अकूस्टिक गिटार, खाली ब्लूज, म्हणजे त्यांचंच जुनं दुःखाचं गाणं, आणि आवाजात आजीबरोबर ज्या चर्चमध्ये जायचा तिथलं गॉस्पेल, म्हणजे भक्तिगीतं. 'एन्ट नो सनशाइन'मध्ये 'आय नो' 26 वेळा येतं, तिथे खरं तर त्याला अजून शब्द लिहायचे होते, स्टुडिओतले म्हणाले राहू दे असंच. ती जागा आली की मला अजून गलबलतं. आणि 'लीन ऑन मी' सुचलं ते नव्या पियानोच्या पट्ट्यांवरून बोटं एकेक पट्टी वर-खाली नेता नेता, पण त्यातली माणसं त्याच्या लहानपणच्या, वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींच्या गावची, अडीनडीला एकमेकांकडे धावणारी. 1972 मध्ये अमेरिकेत नंबर वन झालं ते.

पुढे कोलंबियासारख्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत गेला आणि तिथली माणसं त्यालाच शिकवायला लागली, एल्विस प्रेस्लीचं गाणं गा म्हणे. आजीच्या हातांवर 'ग्रँडमाज हँड्स'सारखं गाणं लिहिणाऱ्याला हे सांगायचं? मधे 1981 ला ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरच्या जॅझ सॅक्सोफोनबरोबरचं 'जस्ट द टू ऑफ अस' केवढं गाजलं, तरी 1985 चा अल्बम काढून तो सरळ घरी गेला, बायकोमुलांत रमला. गाण्याआधीचं अख्खं आयुष्य पाठीशी होतं, त्यामुळे गाणं सोडायची त्याला भीती नव्हती असं मला वाटतं. 2015 ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सन्मान स्टीव्ही वंडरने केला, 2020 ला बिल वारला.

त्यामुळे बिनसलं असं मला म्हणवत नाही. आज रात्री 1972 ची कार्नेगी हॉलची मैफल लावा, 'ग्रँडमाज हँड्स'च्या आधी तो आजीबद्दल बोलतो तेवढं तरी ऐकाच, बोलताना अडखळणारा तो पोरगा भरल्या हॉलशी किती निवांत गप्पा मारतोय.