पहिल्यांदा कोणी दिली?

सुवर्णमहोत्सव समितीच्या पत्रात ‘शाळेच्या जडणघडणीवर दोन पाने’ अशी सूचना आहे. जडणघडणीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. इमारत निधी, कबड्डीचा संघ, एसएससीची पहिली बॅच, सगळं येईलच. मी बाईंवर लिहिणार आहे. आपल्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई बऱ्याच होऊन गेल्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे नव्वदच्या आसपासच्या कोणत्याही पोट्ट्याला विचारा. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून लिहीत नाही.

ते दिवस दारूमुक्तीचे होते. नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही आरोग्यावर काम करणारी संस्था सुरू केली, आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या बायका गुत्ते बंद करा म्हणून रस्त्यावर यायला लागल्या. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. मी तेव्हा नववीत. शाळेत निबंध स्पर्धांचा नुसता पूर. दारूचा राक्षस, व्यसनाचा विळखा, समाजाला लागलेली कीड. मीही ‘दारूच्या बाटलीचे आत्मवृत्त’ लिहून तालुक्यात दुसरी आले होते. प्रार्थनेच्या वेळी माझं नाव पुकारलं गेलं. बाईंनी शाबासकी दिली आणि वर्गात विचारलं, “बाटली कुठल्या दुकानातली?”

मी म्हटलं, “बाई, ते काल्पनिक आहे.”

“असू दे. ती विकत घेतली त्या रात्री त्या घरी काय शिजलं होतं?”

मला सांगता आलं नाही. बाई पुढच्या धड्याकडे वळल्या.

पुढच्या शनिवारपासून शेवटचा तास वहीचा झाला. नियम थोडेच होते. माणसाचं नाव लिहायचं नाही. उपदेश करायचा नाही. वेळ, जागा आणि पैसे मात्र लिहायचेच. “जे पाहिलं तेवढं लिहा, जे वाटायला पाहिजे ते नको,” असं त्या म्हणायच्या. सुरुवातीला सगळ्यांच्या वह्या चार ओळींत संपायच्या. उपदेश काढून घेतल्यावर आमच्याकडे लिहायला काही उरतच नव्हतं, हे आत्ता हसू येतं असं आहे.

मी आजीच्या नसच्या डबीवर लिहिलं. आमच्याकडे तंबाखूची नस दातांना घासणाऱ्या बाया घरोघरी होत्या, अजून आहेत. पहाटे चूल पेटवायच्या आधी ओसरीवर बसून आजी बोटानं नस घासायची, दुपारी जेवून पुन्हा, निजताना पुन्हा. डबी कितीची येते, किती दिवस पुरते, सगळं लिहिलं. बाईंनी समासात लाल शाईनं एवढंच लिहून दिलं: ‘पहिल्यांदा कोणी दिली? विचार.’

मी विचारलं. आजी आधी हसली. मग म्हणाली, “दात ठनकत होता, तं सासूनं बोटावर देली. मंग रोवणीत बरी वाटे. चिखलात दिवसभर वाकून राहा लागे, भूक मरे.” रोवणीच्या दिवसांत बायांना दुपारची भाकर मिळेलच असं नव्हतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ज्या आजीला मी निबंधात ‘व्यसनाधीन’ करून टाकणार होते, ती माझ्या वहीत उपाशीपोटी धान रोवणारी सून होऊन बसली.

आता हालचाल वहीची गोष्ट. ती ज्यांना आठवते ते आत्ताच हसायला लागले असतील.

तेव्हा मधल्या सुट्टीत, आणि सुट्टी नसतानाही, शिक्षक खोलीतून एखाद्या मुलाला हाक यायची आणि तो फाटकासमोरच्या पानठेल्यावरून खर्रा घेऊन यायचा. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, पन्नीवर खसाखसा घोटलेला. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मुलींना कधी पाठवत नसत, आणि मुलांना तास बुडतो म्हणून आनंदच. बाईंच्या तासाला हाक आली की त्या फळ्याकडे तोंड करून थांबायच्या, मुलगा परत आला की वाक्य पुढे सुरू.

एके दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली, तिला दोरीनं पेन्सिल बांधली आणि वर्गाच्या दाराजवळ खिळ्याला लटकवली. वर सुवाच्य अक्षरात ‘हालचाल वही’. तासाला बाहेर जाणाऱ्यानं वेळ, काम आणि परत आल्याची वेळ लिहायची, बस्स. कोणी पाठवलं हा रकानाच नव्हता. आमच्या वर्गातली पोरं तशी आळशी, पण या वहीत एकही नोंद चुकली नाही. ‘तिसरा तास. खर्रा एक. सुटे नव्हते म्हणून उशीर.’ ‘पाचवा तास. खर्रा दोन, एक कमी चुन्याचा.’ एकानं तर ठेलेवाल्याशी झालेलं बोलणंच लिहून ठेवलं होतं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही चाळली म्हणे. खरं-खोटं बाई जाणोत, मी त्या वेळी तोंडपाठ कविता म्हणण्याच्या तयारीत होते. पण त्यानंतर हाका बंद झाल्या. एक सर स्वतः उठून ठेल्यावर जायला लागले, आणि जाताना आमच्या वर्गाकडे न बघता जायचे. मुख्याध्यापकांनी वही काढायला सांगितली. बाईंनी लगेच काढली. “काम झालं की काढायचीच होती,” म्हणाल्या, आणि उरलेली पानं शुद्धलेखनाला वापरली.

त्या वर्षीच्या हस्तलिखितावरूनही असंच झालं. पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे लहान वस्तीवरून, येणाऱ्या एका गोंड मुलीनं मोहावर लिहिलं होतं. मार्च-एप्रिलात पहाटे आईबरोबर मोहफुलं वेचायला जाणं, वाळवलेली फुलं पावसाळ्यात पोटाला आधार देतात ते, आणि जन्माला, लग्नाला, मरणाला देवापुढे मोहाची धार लागतेच ते. पाहुणे दारूबंदीवर बोलायला येणार आणि आपल्या हस्तलिखितात मोहाची दारू देवाला वाहतात असं? ते पान काढा, असं ठरत होतं. बाई म्हणाल्या, “तिनं पाहिलेलं लिहिलंय. मी न पाहिलेलं कसं काढू?” पान राहिलं. पुढच्याच पानावर, सडव्याच्या, म्हणजे दारूसाठी सडवत ठेवलेल्या मोहाच्या, मडक्यांवरून बापाचा मार खाणाऱ्या मुलाचं लिखाण होतं. बाईंनी ती दोन पानं मुद्दाम समोरासमोर शिवली होती असं मला वाटतं. कधी विचारलं नाही.

दहावीत त्यांनी पुन्हा लिहायला लावलं: बंदी झाल्यावर काय दिसतं? कोणाच्या घरी सायकल आली होती. कोणाचा बाप आता वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला जात होता आणि शेवटच्या गाडीनं परतत होता. आमच्यातले अर्धे चिडले. चळवळीच्या विरोधात कशाला लिहायचं? बाई स्वतः मोर्चात चाललेल्या होत्या. तरी त्यांनी ते लिहून घेतलंच. पुढे २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातही बंदी आली, २०२१ मध्ये ती उठली, आणि नदीच्या दोन काठांना पुन्हा दोन कायदे झाले. वर्तमानपत्रात दोन्ही बाजूंचे लेख वाचताना मला हटकून त्या शेवटच्या गाडीबद्दल लिहिलेली वही आठवे. त्या लेखांतल्या बऱ्याच जणांना बाईंनी पैसे आणि वेळ लिहून आणायला परत पाठवलं असतं.

मी आता नागपूरला असते. मुखरोगांची डॉक्टर. स्वतःबद्दल लिहायचं नाही म्हणताना लिहितेच आहे, पण बाईंचं देणं कुठे लागलं ते सांगायला हवं. माझ्याकडे येणाऱ्यांत खर्ऱ्याचे रोगी रोज असतात. विशी-पंचविशीची पोरं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गाल आतून पांढरे आणि ताठ होत जातात, मग तोंड उघडणं कमी होतं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात, यांच्यात दोन, कधी एकच. मुख्य दोषी सुपारी आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. “मी तंबाखू कमीच टाकतो डॉक्टर,” असं ते मोठ्या विश्वासानं सांगतात. ताठ झालेले गाल पूर्ववत होत नाहीत, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर घोटला जातो.

आमच्या शिकाऊ डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो: किती वर्षांपासून, दिवसाला किती? माझा त्याआधीचा असतो: पहिल्यांदा कोणी दिला? एवढं विचारलं की पोरगा मान वर करतो. काकानं, ट्रकवरच्या उस्तादानं, मंडईच्या जत्रेत रात्री झाडीपट्टीचं नाटक बघताना जागं राहायला मित्रानं. कोणी सांगतो, शाळेत सरांसाठी आणायला जायचो, उरलेला तोंडात टाकायचो. त्यांना मी एक वही देते. उपदेश लिहायचा नाही, वेळ, जागा, पैसे लिहायचे. सगळे सुटतात असं नाही. पण वही लिहिणारा पुढच्या तारखेला येतो, न लिहिणारा बहुधा येत नाही. तरुण सहकारी याला माझी ‘पद्धत’ म्हणतात. मी सुधारून सांगत नाही, तेवढी लबाडी बाई चालवून घेतील.

मागच्या उन्हाळ्यात शाळेत येऊन गेले. नवीन फाटक छान झालंय. ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक आहे, शपथ रंगवली आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा कायदा २००३ चा. ठेला खरंच तेवढा दूर गेला आहे, पायऱ्यांवरून तो दिसतोही. व्यसनमुक्ती सप्ताहातले निबंध वाचायला मिळाले. अक्षर सुंदर, आणि पाच निबंधांत तोच राक्षस, तेच पहिले वाक्य, मोबाईलमधून उतरवलेलं. शिकवणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांच्यामागे माहिती भरायचीच कामं किती आहेत ते मी बघितलं. पण शनिवारचा शेवटचा तास आता वेळापत्रकात कुठे आहे, हे विचारल्यावर कोणालाच सांगता आलं नाही, याचं वाईट वाटलं.

समितीला दोन विनंत्या. १९९३ चं हस्तलिखित ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात होतं. वाळवीनं सोडलं असेल तर मला कळवा, सगळी पानं स्कॅन करून घेण्याचा खर्च मी देईन, मात्र लिहिणाऱ्यांची नावं शोधत बसायची नाहीत. आणि कार्यक्रमाच्या दिवशी उद्घाटन आटोपल्यावर जीवशास्त्राच्या खोलीत मी माझे दोन विद्यार्थी घेऊन तोंड तपासायला बसणार आहे. विद्यार्थी, पालक, शिक्षक, शिपाईमामा, कोणीही यावं. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मंडळींनी आधी यावं, कारण कोण अजून खातो हे मला फेसबुकवरच्या फोटोंतून दिसतं.