ताई, हे ऑरगॅनिक आहे का?

बाळंतविडा शिवून देणं हे माझं काम. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी. सातवा-आठवा महिना लागला की लेकी येतात, बरोबर त्यांच्या आया येतात. कापड चाचपून बघतात आणि हल्ली हटकून विचारतात, "ताई, हे ऑरगॅनिक आहे का?" गिऱ्हाइकांच्या गर्दीत 'नाही' एवढंच सांगून होतं. आता तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते.

मी वापरते ती साधी सुती मलमल, रविवार पेठेतून ताग्याने घेतलेली. तिचा कापूस कुठल्या शेतातला, हे मला ठाऊक नाही आणि विकणाऱ्यालाही नाही. ऑरगॅनिक म्हणवायचं तर शेत, जिनिंग (कापसातून सरकी काढणं), सूतगिरणी, रंगाई, शिलाई अशा प्रत्येक टप्प्याचा कागद लागतो. कपड्यांसाठी 'गॉट्स' नावाचं जागतिक मानक आहे. त्यात किमान 95 टक्के सूत सेंद्रिय असेल तरच नुसतं 'ऑरगॅनिक' लिहिता येतं. 70 टक्क्यांच्या वर असेल तर 'सेंद्रिय सूत वापरून केलेलं' इतपतच. लेबलवर तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो, तो गॉट्सच्या संकेतस्थळावर ताडून बघता येतो. क्रमांक नाही, नुसतं हिरवं पान छापलंय? मग ते पान छापखान्यातच उगवलं असं समजा. आणि कागद असला म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही नाही. 2020 मध्ये खुद्द गॉट्सनेच जाहीर केलं की भारतातला सुमारे 20 हजार टन कापूस बनावट कागदांवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला होता.

पण मला म्हणायचंय ते वेगळंच. कापूस पिंजून, सूत काढून, उकळून, ब्लीच होऊन कापड होईपर्यंत शेतातलं औषध त्यात फारसं उरत नाही. बाळाला टोचते ती खळ, धुताना नीट न निघालेला साबण, भडक छपाई आणि आतली शिवण. कापडाच्या कृत्रिम रंगांतला एक प्रकार म्हणजे अझो. त्यातल्या घातक ठरलेल्या 112 रंगांवर आपल्याकडे 1990 च्या दशकातच बंदी आली, तरी रस्त्यावरच्या स्वस्त, रंग सुटणाऱ्या कपड्याची हमी मी तर देणार नाही. म्हणून पांढरं किंवा फिकं घ्या.

मग ऑरगॅनिकला अर्थच नाही का? आहे की. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल, आणि डोक्याच्या वर गेलेली कपाशी. सेंद्रिय कापसाने वाचते ती आधी या माणसाची कातडी. त्याच्यासाठी जास्त पैसे मोजायचे असतील तर जरूर मोजा, मला आनंदच आहे. बाळाला पुरळ येऊ नये म्हणून मोजत असाल, तर तेवढं काम बादलीभर पाण्यातही होतं.

बादलीचं सांगते. नवी मलमल हाताला कडक लागते, जरा चमकते. ती रात्रभर पाण्यात टाकायची. सकाळी पाणी पेजेसारखं पांढुरकं झालेलं असतं, ती खळ. पाणी बदलून पुन्हा भिजवायची, पिळून उन्हात वाळवायची आणि मग कापायची. कापड आक्रसायचं तेही तेव्हाच आक्रसून घेतं. झबल्याच्या शिवणी मी बाहेरून ठेवते. गिऱ्हाइकांना वाटतं उलटं शिवलंय.

'बांबूचं' म्हणून मिळणारं कापड मऊ असतं, नाही म्हणत नाही. पण ते बहुतेक व्हिस्कोस असतं, म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. अमेरिकेत 2009 साली अशा लेबलांवरून सरकारने कंपन्यांवर कारवाई केली होती.

खरा घोळ डायपरचा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2008 मध्ये पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा हिशेब मांडला, तर सरसकट पाहता कापडी आणि फेकायचे यांत फारसा फरक निघेना. कापडी लंगोट मशीन भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि पाठच्या भावंडालाही वापरले, तेव्हा कुठे त्यांचं पारडं जड झालं. आपल्याकडे दोरीवर वाळवायचं कुणाला शिकवायला नको! पण टँकरच्या गावात रोज बादल्या ओता असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पावसाळ्यातही पंचाईत. रात्री आणि प्रवासात डायपर वापरा, अपराधी वाटून घेऊ नका. फक्त तो ओल्या कचऱ्यात कोंबू नका. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या बायका कचरा हाताने वेगळा करतात. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे त्यांना पुडकं उघडून बघावं लागत नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे मात्र डोक्यातून काढा. वेखंड काही कारखान्यात होत नाही, तरी अमेरिकेत 1968 पासून ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. आपण ते गुटीत उगाळतो. मधाचं बोट तर वर्षाच्या आत नकोच. आज्या रागावतात, रागावू देत.

शेवटचं म्हणजे घ्यायचं किती. पहिल्या दोन-तीन महिन्यांची झबली विकत घेऊच नका. बाळाला ती आखूड होतात तेव्हाही नव्यासारखीच असतात. जावेकडून, नणंदेकडून मागून आणा. धुऊन धुऊन मऊ झालेली असतात ती. जुन्या रंगवलेल्या पाळण्याचं तसं नाही. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा रंग आणि पाळण्याची कड चोखणारं बाळ यांची गाठ नको. माझ्याकडून काही घ्यायचंच असेल तर लंगोट घ्या. ते कुणी जपून ठेवत नाही, आणि लागतात ढिगाने.