ट्रेलर गाडीची बॅटरी खातो तेव्हा

आजचा दिवस ट्रेलरच्या वायरिंगमध्ये गेला. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

आधी एकच तपासणी करा. इग्निशन बंद, चावी बाहेर, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) गाडीच्या ट्रेलर-सॉकेटमधल्या चार्जिंग पिनवर. तिथे १२ व्होल्ट दिसले तर ती लाईन कायम चालू आहे. मग गाडी उभी असतानाही ट्रेलर करंट ओढत राहतो. ट्रेलरमधला १२ व्होल्टवर चालणारा फ्रीज सहज १० ते १५ अँपिअर घेतो. गाडीची ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांत निम्म्यावर येते आणि सकाळी स्टार्टर नुसता टक् टक् करतो.

उपाय म्हणजे रिले, म्हणजे विजेच्या सिग्नलवर चालू-बंद होणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीची वायर, ८७ वरून ट्रेलरकडे, ८५ अर्थिंगला, आणि ८६ ला इग्निशन चालू असतानाच मिळणारी लाईन. चूक होते ती इथेच: सोयीचं म्हणून ८६ ला कायम चालू लाईन जोडतात, मग रिले कधी सुटतच नाही, उलट त्याची कॉइलही बॅटरी खाते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर मधली वायर घासून शॉर्ट झाली की आग लागते.

रिलेऐवजी साधा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावू नका. त्यात अर्धा-पाऊण व्होल्ट जातो आणि ट्रेलरची बॅटरी पूर्ण भरत नाही. स्मार्ट अल्टरनेटरच्या (गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणाऱ्या) गाडीत व्होल्टेज सारखं वरखाली होतं, तिथे इग्निशनच्या सिग्नलवर चालणारा डीसी-डीसी चार्जरच (व्होल्टेज स्थिर ठेवून ट्रेलरची बॅटरी भरणारा) घ्या.

हे जमेपर्यंत मुक्कामाला पोचलात की ट्रेलरचा प्लग सॉकेटमधून काढा.