उंच केलेल्या जिप्सीला नवे ब्रेक पाइप

आमची मारुती जिप्सी २००४ ची. आधीच्या मालकाने कमानपाटे बदलून ती दोन इंचांनी उंच केली, टायरही मोठे चढवले, पण ब्रेकचे होज, म्हणजे चेसिसपासून चाकाकडे जाणाऱ्या लवचीक नळ्या, मात्र कंपनीच्या मापाचेच ठेवले. गाडी जमिनीवर उभी असताना यात काहीच वावगं दिसत नाही. जॅकवर घेऊन पुढची चाकं मोकळी सोडली, की होज ताठ ओढला जातो. म्हणजे चाक खड्ड्यात पडलं की दर वेळी त्याला हिसका. त्यात रत्नागिरीची खारी हवा. चेसिसच्या आतून मागे जाणाऱ्या लोखंडी पाइपला क्लिपांच्या खाली गंजाचे पापुद्रे आले होते, नखाने खरवडले तरी सुटत होते. एखादा तुकडा बदलण्यापेक्षा सगळी लाइनच नव्याने टाकायची ठरवली.

पाइप कशाचा घ्यायचा, इथून सुरुवात झाली. मूळचा पाइप पोलादी, बाहेरून ४.७५ मिमी म्हणजे ३/१६ इंच. साधा तांब्याचा पाइप कुठेही मिळतो, हाताने वाकतो, आणि बरेच गॅरेजवाले बिनदिक्कत तोच लावतात. मला तो नको होता. तांबं सतत थरथरत राहिलं की कडक होत जातं आणि फ्लेअरच्या, म्हणजे जोडासाठी पसरवलेल्या टोकाच्या, गळ्याशी तडकतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनीही तेच सांगितलं, "तांबं एसीला ठीक हाय साहेब, ब्रेकला नको. निकेल घातलेला मिळतोय काय बघा." तो मिळाला. साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल. गंजत नाही, वाकवायला मऊ, आणि थरथर सोसतो. व्होल्वोने १९७० च्या दशकातच आपल्या गाड्यांना हा पाइप लावायला घेतला, कारण स्वीडनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. किनाऱ्यावरच्या गाडीसाठी याहून चांगला पर्याय मला तरी दिसत नाही.

होजच्या बाबतीत मात्र फार जपावं लागतं. जेसीबी-ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज बनवणारी दुकानं गावोगावी आहेत, आणि "सांगाल त्या लांबीचा करून देतो" असं तिथे हमखास ऐकायला मिळतं. तो होज दाब सहज झेलेल, पण त्याच्या आतलं रबर खनिज तेलासाठी असतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं. त्यात ते रबर फुगतं, मऊ पडतं, आणि आतली वाट बुजत जाते. बाहेरून काही कळतही नाही. म्हणून ज्या होजच्या अंगावर एसएई जे १४०१ (ब्रेक होजचं मानक) छापलेलं आहे, तोच घ्यायचा. मी पुढच्या दोन्ही चाकांना आत पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी आणि बाहेर स्टीलची जाळी असलेले लांब होज घेतले, जाळीवर प्लास्टिकचं आवरण असलेले. उघडी जाळी ज्याला टेकेल त्याला कानशीसारखी घासते. मागच्या ॲक्सलला एकच होज जातो. तो नवा, पण मूळ मापाचा रबरीच ठेवला आणि चेसिसवरचा त्याचा ब्रॅकेट खाली घेतला. पाइप नव्याने वाकवायचाच होता, त्यामुळे हे सोपं पडलं.

जिप्सीसारख्या जपानी घडणीच्या गाडीला डबल फ्लेअर (कड आत दुमडलेला) लागतो, बऱ्याच युरोपीय गाड्यांना बबल फ्लेअर (बुडबुड्यासारखा फुगीर). दोन्हींचे नट १० मिमीचे, एकाच आट्यांचे असू शकतात आणि चुकीच्या जागीही छान आवळले जातात, पण बैठक जुळत नाही आणि जोर पडला की गळती. पाइप कटरनेच कापला, आतली धार काढली, हवा मारून चुरा उडवला, नट आधी ओवला आणि मग फ्लेअर केला. दाबून बसणारे कॉम्प्रेशन जोड ब्रेकच्या लाइनमध्ये कुठेही लावायचे नाहीत, यात तडजोड नाही.

मार्ग आखायला बांधकामाची तार वापरली. आधी तार वाकवून पूर्ण वाट बसवली, मग तिच्यावरून पाइप. सायलेन्सरची बाजू टाळली, कारण तापलेल्या ऑइलमध्ये वाफ धरली की पॅडल थेट खाली जातं. पाइप चेसिसच्या खालच्या कडेच्या वर ठेवला, म्हणजे दगड आधी लोखंडाला लागेल. जिप्सीची बॉडी चेसिसवर रबरांवर बसते आणि आपली आपली हलते, म्हणून मास्टर सिलिंडरकडून (पॅडल दाबलं की ऑइलला दाब देणारा भाग) खाली येताना पाइपला एक मोठा गोल वळसा दिला. साधारण फुटाफुटावर पाइप धरून ठेवायला रबर लावलेली पी-क्लिप.

मग खरी परीक्षा. चेसिस स्टँडवर, चाकं लोंबती, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. होजवर लांबीभर पांढरी रेघ असते. ती सरळ दिसली पाहिजे. उजव्या होजची रेघ मळसूत्रासारखी फिरलेली दिसली, तेव्हा कॅलिपरचा (चाकावरचा ब्रेकचा चिमटा) बँजो बोल्ट, म्हणजे होज तिथे जोडणारा पोकळ बोल्ट, सैल करून नव्या तांब्याच्या वॉशरांसह पुन्हा बसवला. नंतर एकेका चाकाखाली जॅक लावून ते वर दाबलं आणि होज मोठ्या टायरला किंवा पाट्याला लागतो का, ते हात घालून पाहिलं. लांब होजचा हाच धोका, वर ढील आली की तो टायरकडे झुकतो. डावीकडे बोटभरच जागा उरत होती. तिथे मधला आधार आतल्या बाजूला सरकवला.

ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं भरलं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. कोकणातल्या दमट हवेत बाटली उघडी ठेवायची सोय नाही. लाइनमधली हवा मागच्या डाव्या चाकापासून काढत आलो, मास्टर सिलिंडरपासून तेच सर्वांत लांब. इंजिन चालू ठेवून भावाला पॅडल जोरात दाबून धरायला सांगितलं आणि गळती दिसावी म्हणून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला.

आधी वाडीतच हळू चालवून पाहिली, मग आंबा घाट उतरलो, जास्त करून गिअरवर, मधेमधे जाणूनबुजून ब्रेक दाबत. घरी येऊन पुन्हा खाली शिरलो. मागच्या ब्रॅकेटजवळ एका ठिकाणी चेसिसचा रंग घासून चकाकत होता. तिथे आणखी एक पी-क्लिप बसवली.