'रू'ची मुलगी 'रूस'

फ्रेंच कागदांच्या भाषांतरात आडनावाचा अर्थ लावायचा नसतो, ते जसंच्या तसं उतरवायचं असतं. वंशावळीच्या एका फाइलीत मात्र तेवढ्यानं भागेना. अठराव्या शतकातली, दक्षिण फ्रान्सातल्या प्रोव्हान्समधल्या चर्चच्या बाप्तिस्मा-वहीची पानं होती. बापाचं आणि मुलाचं आडनाव 'रू', मुलीचं 'रूस'. माझ्याकडे तपासायला आलेल्या मसुद्यात ही मुलगी दुसऱ्याच घराण्यात टाकली होती.

'रू' म्हणजे तांबूस. पण हा रंग केसांचा, खारीच्या अंगाचा, पानगळीतल्या पानांचा. झेंडा लाल असेल तर 'रूज'. शेवटी एक्स लिहितात, पण उच्चारत नाहीत, म्हणून 'रूक्स' चूक. स्त्रीलिंगात एक्स जाऊन दोन एस आणि ई येतात, आणि तो 'स' ऐकू येतो: 'रूस'.

तांबूस केसांच्या माणसाला गावानं ठेवलेलं नाव पुढे घराण्याला चिकटलं, आपल्याकडच्या गोरे-काळेंसारखं. फ्रान्सच्या दक्षिणेत पाद्री बाईमाणसाचं आडनाव सर्रास स्त्रीलिंगी करून लिहीत. आपण जोशीणबाई म्हणतो ना, तसंच. फक्त तिथे ते थेट वहीत उतरे. 23 ऑगस्ट 1794 च्या कायद्यानं जन्मनोंदीतलंच नाव-आडनाव लावायचं असं ठरलं. म्हणून आजच्या कागदात बाईही 'मादाम रू'च. आधी नोंदीचं साल पाहायचं, ते यासाठी.

पण 'रूस' दिसलं की 'रू' समजायचं, असंही नाही. कोशकार प्येर लारूस (1817–1875) पुरुष असून आडनाव स्त्रीलिंगी, ते पिढीजात. त्यामुळे बापाचं आडनाव पाहिल्याशिवाय शाखा जोडू नये. 'ल रू' आणि 'लरू' हीदेखील वेगळी आडनावं. मधली मोकळी जागा गाळली तर पासपोर्टाशी कागद जुळत नाही.

वहीतलं रूप मी बदललं नाही. 'रूस' तसंच ठेवून चौकटी कंसात टीप दिली: बापाचं आडनाव 'रू', स्त्रीलिंगी लेखन. मग तिच्या लग्नाची नोंद काढायला सांगितली. आईबापांची नावं आणि गाव तेच निघालं, पाद्री दुसरा होता. त्यानं तिला सरळ 'रू' लिहिलं होतं.